करवंटीचा तराजू, खोक्याची एसटी

आजचा विषय तुमच्याकडूनच आलेला आहे. गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब चालू असतो, कडेला बसलेलं लेकरू किरकिर करायला लागतं, आणि कुणीतरी त्याच्या हातात मोबाईल देतं. लेकरू गप्प होतं, हिशेब पुरा होतो. पण मग जेवतानाही मोबाईल, झोपतानाही मोबाईल, आणि तीन वर्षांचं झालं तरी पोर दोन शब्दांच्या पुढे बोलत नाही. “याच्या हातात दुसरं द्यायचं तरी काय? दुकानातलं खेळणं महाग, आणि आणलं तर दोन दिवसांत मोडतं,” असं तुम्ही विचारता. म्हणून आज आपण घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून भातुकलीची खेळणी करायला बसू.

भातुकली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चूल आणि बोळकी येतात. पण दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर, शाळा-शाळा, एसटीचा खेळ, हे सगळं भातुकलीच. म्हणजे मूल दुसरं कुणीतरी होतं आणि एखादी वस्तू दुसरीच काहीतरी होते. दीड वर्षाच्या आसपासचं लेकरू रिकामी वाटी तोंडाला लावून दूध प्यायल्यासारखं करतं, ती याची सुरुवात. तिसऱ्या वर्षी ते आई होतं, दुकानदार होतं. चार-पाच वर्षांची मुलं तर चौघं मिळून एक अख्खी गोष्ट रचतात आणि तू हे हो, मी ते होते, म्हणून भांडतातही. ते भांडणसुद्धा कामाचं असतं, कारण त्यात बोलावं लागतं, ऐकावं लागतं, आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं.

लेव व्हिगॉट्स्की नावाचे रशियातले एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं आहे. पोर काठीवर बसून घोडा पळवतं तेव्हा समोर काठी दिसत असूनही डोक्यात घोडा असतो. डोळ्यांना दिसतं त्यापलीकडचं मनात धरायला मूल शिकतं ते असं. पुढे शाळेत ‘क’ या रेघोट्यांचा आवाज ‘क’ आहे, किंवा 5 या आकड्यात पाच आंबे आहेत, हे समजायलाही हीच ताकद लागते. मोबाईलवर घोडा पळताना दिसतो, पण तो पोराने पळवलेला नसतो, आणि पोराने काही विचारलं तर तो उत्तरही देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभरापेक्षा जास्त दाखवू नये. आपल्याकडे तो तास सकाळच्या न्याहारीतच संपतो.

टाकाऊतून खेळणी ही काही पैसे नाहीत म्हणून केलेली तडजोड आहे, असं कुणी मनात आणू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरी पद्धतीची विकतची साधनं पाड्यावरच्या मुलांसाठी परवडणारी नव्हती. मग या दोघींनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, माती अशी तिथं मिळणारी साधनं शिकवायला घेतली. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आपण आज जिला अंगणवाडी म्हणतो तिचं मूळ तिथं आहे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती 2 ऑक्टोबर 1975 ला, तीस वर्षांनी. पुण्यात आयुकाच्या आवारात अरविंद गुप्तांनीही आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रं यांतून शेकडो खेळणी केली आणि कशी करायची ते सगळ्यांना फुकट शिकवलं. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता कामाला लागू. आधी घराच्या एका कोपऱ्यात टोपली ठेवा आणि महिनाभर तिच्यात टाकत राहा. टूथपेस्टची, चहाची, बिस्किटांची खोकी, बाटल्यांची मोठी झाकणं, करवंट्या, दोऱ्याची रिळं, प्लॅस्टिकच्या जुन्या बांगड्या (काचेच्या नकोत), चिंध्या, नाड्या, जुनं कॅलेंडर. आणि लग्नपत्रिका. इतका चांगला जाड कागद विकत घ्यायला गेलं तर पैसे पडतात, आणि आपल्याकडे लग्नसराईत ढीग साठतो. डबे-झाकणं साबणाने आणि कढत पाण्याने धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा.

टोपलीत काय टाकायचं नाही, ते त्याहून महत्त्वाचं आहे. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा डबा कधीच नाही. तीनदा धुतला तरी नाही. एक तर त्या प्लॅस्टिकला औषध चिकटून राहतं. आणि दुसरं असं, की रिकाम्या बाटलीशी खेळलेलं पोर उद्या भरलेल्या बाटलीशीही तसंच खेळणार. ही आपली रिकामी आणि ती शेतातली भरलेली, हा फरक तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. औषधाच्या गोळ्यांची पाकिटंही याच कारणासाठी नकोत. दवाखान्याच्या मागे पडलेली सिरींज, सुई नसली तरी, उचलू नका. रंगाचे डबे, फुटकी ट्यूब, कडा धारदार झालेलं प्लॅस्टिक, चुरा होणारा थर्माकोल, हे सगळं बाहेर. रिमोट, गाणारी शुभेच्छापत्रं आणि जत्रेतल्या दिव्याच्या खेळण्यांत बटणासारखा चपटा सेल असतो, त्याला तर घरात लहान मूल असताना जपूनच ठेवा. तो गिळला आणि अन्ननळीत अडकला तर दोन तासांतही आत भाजल्यासारखी जखम होते. नुसती शंका आली तरी रडणं थांबायची वाट न बघता दवाखाना गाठा, 108 ला फोन करा.

तीन वर्षांच्या आतलं मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालून बघतं. त्यासाठी एक सोपं माप आहे. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करा. जी वस्तू त्या गोलातून आरपार जाते ती त्या वयाच्या मुलाला द्यायची नाही. चिंचोके, मणी, बटणं, लहान झाकणं, खरी नाणी, सगळी यात बसतात. हरभरा, वाटाणा नाकात घातला तर तो तिथं भिजून फुगतो, हे तुमच्यापैकी कित्येकींनी दवाखान्यात बघितलेलं असेल. दोरीचं माप वीतभर. खेळण्याला त्यापेक्षा लांब दोरी मोकळी लोंबत ठेवायची नाही, ती गळ्याभोवती अडकते.

पहिलं खेळणं तराजू घेऊ. दुकानाचा खेळ तराजूशिवाय रंगत नाही, आणि सगळ्यांत जास्त शिकवणारं खेळणं कुठलं म्हणाल तर आम्ही हेच सांगू. नारळ फोडल्यावर डोळे असलेली अर्धी करवंटी आणि बिनडोळ्यांची अर्धी यांचं वजन सारखं नसतं. म्हणून दोन नारळांच्या दोन बिनडोळ्यांच्या, जवळपास एका आकाराच्या करवंट्या घ्या. वरची केसरं सुरीने खरवडून काढा आणि कडा खरखरीत दगडावर किंवा पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करा. तळहात फिरवून बघा, टोचलं तर अजून घासा. खिळा तापवून, सांडशीत धरून, प्रत्येक करवंटीच्या कडेला सारख्या अंतरावर तीन भोकं पाडा. हे काम मोठ्यांचं, पोरांना लांब बसवा. प्रत्येक भोकातून वीतभर दोरा ओवून तिन्ही दोऱ्यांची वर एक गाठ मारा.

दांडीला हातभर लांबीची सरळ काठी किंवा बांबूची कामटी चालते. दोन्ही टोकांना करवंट्या बांधा आणि अगदी मधोमध, मोजून, धरायला दोरीचा फास करा. उचललात की एक बाजू खाली जाणारच. मग वर राहिलेल्या करवंटीच्या बुडाला ओल्या चिकणमातीचा गोळा लावत जा, दांडी आडवी होईपर्यंत. हाच पासंग. माती वाळली की हलकी होते, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघून घ्या. मुलांना हा पासंग करताना बघू द्या. बाजारात आपल्याला कमी मापलं जातं ते कसं, हेही त्यांना याच वयात कळलेलं बरं.

वजनांसाठी चिंध्यांच्या पोटल्या शिवा. एका पोटलीत मूठभर वाळू, तशा चार, आणि एक मोठी, चारांच्या बरोबरीची. शिलाई दुहेरी घाला. चार लहान मिळून एक मोठी होते, हे पोर हाताने शिकतं, पाटीवर नंतर. दुकानातला माल म्हणजे खोकी, लिंबं, बटाटे, कांदे. खेळून झालं की ते परत स्वयंपाकघरात. पैसे लग्नपत्रिकेचे कापा, आणि रुपये पाच वर्षांच्या मुलाला स्वतः लिहू द्या. पाच उलटा काढला तरी त्या दुकानात तो चालतो.

गॅस करायचा असेल तर बुटाचं खोकं पालथं घाला, वर दोन बांगड्या खळीने चिकटवा, पुढे दोन झाकणांची बटणं लावा. बटण फिरायला हवं, नाहीतर पोरांचं समाधान होत नाही. झाकणाला आणि पुठ्ठ्याला भोक पाडून सुतळी ओवायची, पुढे झाकणाबाहेर जाड गाठ आणि मागे गूल काढलेल्या आगकाडीचा आडवा तुकडा बांधायचा. थोडं ढिलं ठेवलं की छान फिरतं.

खळीबद्दल एक सांगायलाच हवं. दोन चमचे मैदा किंवा कणीक, कपभर पाणी, मंद आचेवर ढवळत शिजवायची, ती आपली नेहमीची खळ. कीड लागू नये म्हणून जुन्या पद्धतीत तिच्यात मोरचूद घालतात. खेळण्यांच्या खळीत मोरचूद घालायचं नाही, ते विष आहे आणि लेकरू खेळणं चाटणार हे ठरलेलं. खळ लागेल तेवढीच करा, दोन दिवसांत संपवा.

भांडी कागदाच्या लगद्याची करा. हे आपल्या आज्यांना येतंच, त्या याच लगद्याच्या टोपल्या करून वर्षानुवर्षं वापरायच्या. जुन्या वह्या आणि वर्तमानपत्रं बारीक फाडून दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घाला, रोज पाणी बदला. शाई बरीचशी त्या पाण्याबरोबर जाते. मूठभर मेथ्या रात्री भिजवून सकाळी पाट्यावर बुळबुळीत वाटा. मेथीने लगदा धरून राहतो आणि तिच्या कडूपणामुळे किडा लागत नाही. कागद पिळून उखळात कुटा, मेथी घालून कणकेसारखा मळा. वाटी, तांब्याचं बूड, लहान पातेलं, जे पाहिजे ते पालथं घालून त्यावर ओलं फडकं पसरा आणि लगदा बोटाच्या पेराएवढा जाड थापा. आधी एक दिवस सावलीत, मग उन्हात. एकदम उन्हात ठेवलं तर तडे जातात. चार-पाच दिवसांनी भांडं सुटून येतं. वरून खळीने पांढरा कागद चिकटवला की झालं. रंग द्यायचाच असेल तर हळद, गेरू, बीटाचा रस. घरात उरलेला जुना ऑइलपेंट नको. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात किती शिसं असेल याचा भरवसा नाही, आणि शिसं वाढत्या मुलाच्या मेंदूला घातक असतं.

बाहुलीला वेळ द्या. मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा, आत चिंध्यांचं भरण, कडेने गोधडीसारखा बारीक धावदोरा. डोळे बटणांचे लावू नका, ती दातांनी तुटतात. दोऱ्याने विणा. केस लोकरीचे किंवा काळ्या नाडीचे, पण आखूड आणि घट्ट शिवलेले. कातडीला कापड आपल्या लेकरांच्या रंगाचं घ्या. दुकानातल्या गोऱ्यापान, सोनेरी केसांच्या बाहुलीकडे बघून सावळ्या पोरीच्या मनात काय येतं, हे आपल्याला सांगायला नको. बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात ते लावू द्या, वरात काढू द्या. पण बाहुलीला दप्तरही शिवा. तिला शाळेत जायचं असतं, आजारी पडायचं असतं, बँकेत खातं काढायचं असतं, सरपंच व्हायचं असतं. नुसता शालू शिवलात तर खेळ लग्नापाशीच थांबतो.

तसंच मुलग्यांचं. पोरगा भाकरी थापायला बसला की एखादी आजी हसते, “काय रे, बायको झालास का?” आणि पोरगा उठून जातो. आजीला प्रेमाने गप्प करा. एसटीत बाई कंडक्टर दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही, मग घरात भाकरी थापणाऱ्या पोराचं नवल कशाला?

एसटीच्या खेळाला तर काहीच लागत नाही. टीव्ही-फ्रिजचं मोठं खोकं कुणाकडून मिळालं तर उत्तम, नाहीतर चार पाट एकामागे एक मांडा. चालकाला चाक म्हणून ताटली. कंडक्टरला जुन्या पिशवीचा गल्ला, कॅलेंडरच्या कागदाची तिकिटं आणि दोरीला टांगलेली वाटी, घंटी म्हणून. गाड्यांची नावं आणि गावं मुलांनाच ठरवू द्या. आपल्या तालुक्याची सगळी गावं ओळीने पाठ असलेली पोरं आम्ही बघितली आहेत.

ज्वारीच्या धाटांची बैलगाडी कशी करायची ते घरातल्या आजोबांना विचारा. आतल्या मऊ भेंडात वरची सालपटं टोचून चाकं, जू, बैल सगळं होतं. मात्र साल ब्लेडसारखी कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्यांनी करावं आणि खेळणं पाच वर्षांच्या पुढच्यांनाच द्यावं. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. ज्यांच्याकडे लाकडाचा बैल नाही त्यांनी धाटाचा न्यायला काय हरकत आहे?

दवाखान्याचा खेळ सुईला घाबरणाऱ्या मुलांसाठी मुद्दाम मांडा. झाकण आणि वीतभर नाडी, झाली छाती तपासायची नळी. ती गळ्यात अडकवायची नाही, हातात धरायची. लस टोचायला न्यायच्या आधी दोन दिवस बाहुलीला टोचून घ्या. आधी बाहुली रडेल, मग डॉक्टर तिची समजूत काढेल. ती समजूत कोण काढतंय ते ऐका, म्हणजे आपण घरी कसं बोलतो तेही कळेल.

खेळणी झाली की आपलं काम संपत नाही, पण फार वाढतही नाही. दिवसात दहा मिनिटं गिऱ्हाईक व्हा. “मावशी, साखर कशी दिली?” एवढं विचारलं तरी दुकान सुरू होतं. भाव चुकला तर लगेच दुरुस्त करू नका. “दोन रुपयांची साखर आणि शंभराची लिंबं? फार महाग बाई!” म्हणा, पुढचं पोर बघून घेईल. खेळणं फार सजवूही नका. जे खोकं आज एसटी आहे ते उद्या पाळणा आणि परवा विहीर होऊ शकतं. त्यावर तुम्ही मन लावून लाल परी रंगवलीत की ते एसटीच राहतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी वेगळी पिशवी सांगतो. एक बाहुली, दोन लगद्याची भांडी, चार वाळूच्या पोटल्या आणि ओढणीचा एक तुकडा. ओढणीचं घर होतं, साडी होते, नदी होते. एवढं बोचक्यात सहज मावतं. तिथं कोपीजवळ रात्री ट्रॅक्टर आणि गाड्या फिरतात, तेव्हा खेळायची जागा रस्त्यापासून लांब, उजेडातली ठरवून द्या.

काही गटांनी ही खेळणी विकायची का, असं विचारलं आहे. घरी आणि अंगणवाडीत खुशाल वापरा. विक्रीचा नियम वेगळा आहे. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणून जत्रेत स्टॉल मांडायच्या आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चौकशी करा, कारागीर ओळखपत्राचं काय ते तिथं विचारा. माल तयार करून मग पळापळ नको.

घरच्या खेळण्यांची टोपली महिन्यातून एकदा उलटी करून बघा. उसवलेली बाहुली शिवा, चिरलेली करवंटी फेकून द्या. पावसाळ्यात लगद्याला बुरशी धरते, ते भांडं उकिरड्यात टाकलं तर त्याचं खत होतं. प्लॅस्टिकचं मोडकं मात्र चुलीत घालू नका, त्याचा धूर पोरांच्याच छातीत जातो. ते भंगारवाल्याला द्या.

पुढच्या शनिवारी गटाच्या बैठकीत सगळ्या मिळून लगदा थापायचा बेत करा. त्यासाठी बुधवारीच कागद भिजत घाला आणि शुक्रवारी रात्री मेथ्या. बैठकीला येताना प्रत्येकीने एक पातेलं आणि एक जुनं फडकं आणायचं. लेकरांनाही घेऊन या, कागद फाडायला त्यांच्याइतकं तरबेज कुणी नाही.